वऱ्हाडच्या काठावरून

हिंगोली हे गाव लष्कराने मोठे केले. कयाधूच्या काठची वस्ती जुनीच, पण एकोणिसाव्या शतकात तिचे नाव सरकारी कागदांत वारंवार येऊ लागले ते छावणीमुळे. ही फौज नावाला निजामाची होती. तिचे अंमलदार इंग्रज होते, कवायत इंग्रजी होती आणि खर्च तेवढा हैदराबादच्या खजिन्यातून जात होता. रेसिडेंट हेन्री रसेल याच्या नावावरून तिचा एक भाग 'रसेल ब्रिगेड' म्हणून ओळखला जाई. पुढे तिला हैदराबाद कंटिंजंट म्हणू लागले. औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद, बोलारम अशी तिची ठाणी राज्यभर पसरली होती आणि हिंगोली त्यांतले एक.

या फौजेची एक सुरुवातीची मोठी लढाई याच मुलखात झाली. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि पुढच्याच जानेवारीत मेजर पिटमनच्या हाताखालच्या फौजेने हदगावच्या बाजूच्या नव्हा किल्ल्याला वेढा घातला. आत होता हटकरांचा पुढारी नोवसाजी नाईक, आणि त्याच्यासोबत अरब शिबंदी. नोवसाजीने त्याआधी या भागात मोठा दंगा उसळवून दिला होता. माळरानावर आणि डोंगरकपारीत होता तोवर त्याला पकडणे कठीण होते. किल्ल्यात शिरला आणि तोफांच्या टप्प्यात आला. महिनाभरात सुरुंग लावून, तट पाडून किल्ला घेतला गेला. आतल्या शिबंदीपैकी बहुतेक मारले गेले. गनिमी काव्याच्या नावाने आपण एवढा अभिमान बाळगतो, पण मराठी मुलखातले कितीतरी बंडखोर शेवटी एखाद्या गढीत किंवा किल्ल्यात अडकून संपले आहेत. तटबंदीचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.

नव्हा पडला आणि छावणी राहिली. छावणी म्हटली की पगार आला. तो पगार वेळेवर देणे निजामाला कधीच जमले नाही. कंपनीकडचे कर्ज वाढत गेले. १८५३ साली डलहौसीच्या काळात या थकबाकीपोटी वऱ्हाड प्रांत कंपनीच्या कारभाराखाली लिहून द्यावा लागला. १९०२ साली कर्झनने वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या बोलीवर तो कायमच्या पट्ट्याने घेतला. पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला, कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. निजामाच्या मनातून मात्र वऱ्हाड गेला नाही. १९३६ साली युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. किताब हैदराबादला आणि मुलूख नागपूरकडे अशी ती व्यवस्था होती.

या सगळ्यातून एक हद्द तयार झाली. पैनगंगेच्या उत्तरेला पुसद, उमरखेड हे इंग्रजी अंमलाखालचे वऱ्हाड आणि दक्षिणेला कळमनुरी, हदगाव ही मोगलाई. लोकांच्या बोलण्यात निजामी मुलखाला मोगलाईच म्हणत, अजूनही म्हातारी माणसे म्हणतात. दोन्ही काठांवर बोली तीच, सोयरीक तीच, बाजारही पुष्कळसा तोच. उन्हाळ्यात पैनगंगा बऱ्याच ठिकाणी पायउतार होते. ईसापूरचे धरण तेव्हा नव्हते. पण अलीकडे चालायचा तो हाली सिक्का आणि पलीकडे कलदार. सात हाली दिले की साधारण सहा कलदार मिळायचे. मधे करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके. नोवसाजीला चिरडणाऱ्या फौजेच्या पगारापायी जी हद्द पडली, तीच जवळजवळ शंभर वर्षांनी निजामाच्या सत्तेविरुद्ध लढणाऱ्यांची पाठराखण करणार होती. इतिहासाला योजना नसते, पण हिशेब असतो असे कधीकधी वाटते.

१९४७ च्या जूनमध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढले: इंग्रज गेल्यावर हैदराबाद स्वतंत्र राहील. सुमारे ब्याऐंशी हजार चौरस मैलांचे राज्य, १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे एक कोटी त्रेसष्ट लाख वस्ती, तीत हिंदू पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास. तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारे लोक आणि कारभाराची भाषा उर्दू. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे. हिंगोली तेव्हा परभणीतच होते, स्वतंत्र जिल्हा व्हायला १९९९ चा मे उजाडावा लागला. राज्यात इत्तेहादुल मुसलमीनच्या रझाकारांचे बळ वाढत होते. संघटनेचे पुढारी बहादुर यार जंग १९४४ साली वारले आणि पुढे तिची सूत्रे लातूरचा वकील कासिम रझवी याच्या हाती गेली. रझाकारांची संख्या दोन लाखांपर्यंत असल्याचे सांगितले जाई. आकड्यात फुगवटा होता, दहशतीत नव्हता.

हैदराबाद स्टेट काँग्रेसची सात ऑगस्टची हाक भारतात सामील व्हा अशी होती. अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ पंधरा ऑगस्टला पकडले गेले. नोव्हेंबरअखेर भारत आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला तेव्हा सुटले आणि २६ जानेवारी १९४८ ला पुन्हा आत गेले, ते थेट पोलीस कारवाई संपेपर्यंत. लढा चालवण्याची जबाबदारी राज्याबाहेर बसलेल्या कृती समितीवर आली. तिचे प्रमुख भोकरचे वकील दिगंबरराव बिंदू. गोविंदभाई श्रॉफ हे मराठवाड्याच्या बाजूचे मुख्य डोके. मनमाड, सोलापूर, गदग, विजयवाडा अशी तिची कार्यालये आणि हद्दीला लागून केंद्रांची रांग. लोक त्यांना 'कँप'च म्हणत. हिंगोली, कळमनुरी, वसमत, हदगाव या पट्ट्याला सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात मोठा कँप उमरखेडचा. बाबासाहेब परांजपे, नागनाथ परांजपे, भगवानराव गांजवे, साहेबराव बारडकर, आबासाहेब लहानकर ही तिथली नावे.

कँप म्हटल्यावर तंबू, बिगूल, कवायत असे चित्र डोळ्यांपुढे येते. ते फारसे खरे नाही. गावातल्या एखाद्या वाड्यात, जिनिंगमध्ये नाहीतर धर्मशाळेत पोरे राहायची. कोणी शाळा सोडून आलेला, कोणी वकिलीचा कोट खुंटीला लावून आलेला, बरेचसे कुणब्याघरचे. बंदुका कमी, त्यातही ठासणीच्या जास्त. मध्य प्रांतात रविशंकर शुक्लांचे सरकार होते आणि गृहखाते द्वारकाप्रसाद मिश्रांकडे. या सरकारने कँपकडे काणाडोळा केला, आणि काणाडोळा हीसुद्धा एक मदतच असते. जैसे थे करार असल्यामुळे दिल्लीला उघडपणे काही करता येत नव्हते. न करता जे होत होते त्याच्याकडे दिल्ली पाहत राहिली.

एवढ्या तुटपुंज्या बळावर काय करायचे, याचा विचार या मंडळींनी नीट केलेला दिसतो, आणि मला या लढ्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच वाटतो. निजामाकडे बावीस हजारांच्या आसपास खडे सैन्य होते. त्याच्याशी सामना करणे म्हणजे नव्हा किल्ल्यात शिरण्यासारखेच होते. म्हणून घाव घातला तो गावपातळीवरच्या राज्ययंत्रणेवर. करोडगिरीचे नाके जाळायचे. चावडीतले दप्तर बाहेर काढून पेटवायचे. लेव्हीचे धान्य घालू द्यायचे नाही, घातलेले असेल तर कोठार फोडून लोकांना वाटून टाकायचे. शिंदीची झाडे तोडायची.

या शेवटच्या कलमाची बाहेरच्या लोकांना गंमत वाटते. स्वातंत्र्यलढ्यात झाडे कशाला तोडायची? कारण शिंदी आणि दारूवरची आबकारी ही निजामाच्या उत्पन्नाची मोठी बाब होती. काँग्रेसवाल्यांच्या दारूबंदीच्या शिकवणीत ते बसत होते, आणि झाड तोडायला बंदूक लागत नाही. कुऱ्हाड घरोघरी असते. शंभर माणसांनी एका रात्रीत ओढ्याकाठची शिंदीची रांग आडवी केली की त्या शंभर माणसांच्या हातून सरकारविरुद्ध पहिले कृत्य घडलेले असे. त्यानंतर तो माणूस अमीनसाहेबांपुढे पूर्वीसारखा वाकत नाही. झाडतोडीचा खरा उपयोग हा होता आणि संघटकांना तो ठाऊक होता.

दप्तर जाळण्याचेही तसेच. पटवाऱ्याचे दप्तर गेले की वसुलीचा आधार गेला. पण दप्तराबरोबर शेतकऱ्याच्या वहिवाटीचा पुरावाही जळायचा, हे विसरून चालणार नाही. गावात दप्तर जाळण्याला सगळेच राजी असत असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. काही गावांत पाटील-कुलकर्ण्यांनीच राजीनामे दिले. जिथे माली पाटील, पोलीस पाटील आणि पटवारी असे तिघे सरकारी कामाला बसेनासे झाले तिथे तहसीलदाराला गावात काय चालले आहे ते कळायचे बंद झाले. रझाकार आणि पोलीस येत, पण आंधळ्यासारखे येत. ज्याने कँपवाल्यांना रात्री भाकरी दिली तो कोण आणि ज्याने नाही दिली तो कोण, हे त्यांना ओळखता येत नसे, म्हणून ते सगळ्यांनाच झोडपत. आणि सगळ्यांना झोडपले की न देणाराही पुढच्या रात्री देऊ लागे.

याच १९४८ सालच्या जूनमध्ये इंग्रजांनी मलायात आणीबाणी पुकारली. तिथल्या कम्युनिस्ट बंडखोरांना रानाच्या कडेने राहणारे चिनी शेतकरी अन्न आणि बातमी पुरवत. ब्रिग्ज या सेनानीने १९५० पासून पाच लाखांच्या आसपास माणसे उचलून तारेच्या कुंपणातल्या नव्या वसाहतींत नेली आणि बंडखोरांची रसद तोडली. कठोर उपाय, पण तोडगा नेमका होता. निजामाच्या सरकारला असे काही करता येण्यासारखेच नव्हते. अंमलदार दमलेले होते आणि खजिना तंग होता. मुख्य अडचण तर नदीच्या पलीकडे होती. रझाकारांच्या दहशतीने माणसे घरदार सोडून स्वतःहूनच पैनगंगा ओलांडत होती. पुसद, उमरखेड, वाशीम, रिसोड या बाजूला निर्वासितांची गर्दी झाली. जनता बंडखोरांपासून तोडायची, तर तीच जनता बंडखोरांच्या दारात जाऊन बसली. प्रत्येक जळालेले गाव कँपला नवी पोरे देऊन जात होते. निजामाच्या बाजूने पाहिले तर यापेक्षा उलटी लष्करी नीती शोधून सापडणार नाही.

लोकांचा पाठिंबा बंदुका आल्यावर मिळाला असे मात्र नव्हे. ती जमीन आधीच्या तीस-चाळीस वर्षांत कसली गेली होती. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ सालचे. उस्मानिया विद्यापीठात १९१८ पासून उच्च शिक्षण उर्दूतून, खालच्या शाळांतही उर्दूचेच वर्चस्व. त्यामुळे मराठी शाळा काढणे हेच राजकारण होऊन बसले. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, मोमिनाबादची योगेश्वरी, सेलूचे नूतन विद्यालय, यांतून एक पिढी तयार झाली. रामानंद तीर्थ स्वतः हेडमास्तर होते, संन्यासी नंतर झाले. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषद भरली. सभेला परवानगी लागायची, वर्तमानपत्र काढणे मुश्कील होते, म्हणून गणेशोत्सव, कीर्तन, वाचनालयाचा वार्षिक समारंभ यांच्या आडोशाने माणसे जमत. आर्यसमाजाची मंडळीही होती, त्यांचा सूर वेगळा आणि धर्माकडे जास्त झुकलेला. १९३८ सालचा सत्याग्रह या सगळ्याची पहिली कसोटी. त्या वेळी तुरुंगात गेलेला शिक्षक दहा वर्षांनी कँपमधल्या पोराचा मास्तर निघायचा. गावात रात्री दार उघडले जायचे ते या ओळखीवर.

कळमनुरी तालुक्यातल्या नांदापूरला जन्मलेले नरहर कुरुंदकर त्या काळात सोळा वर्षांचे होते. आडनाव वसमतजवळच्या कुरुंद्याचे. पुढे त्यांनी हैदराबादच्या प्रश्नावर जे लिहिले त्यात हा लढा निव्वळ हिंदू-मुसलमानांचा नव्हता, सरंजामशाहीविरुद्ध लोकशाहीचा होता, ही बाजू हिरिरीने मांडली. भूमिका म्हणून ती मला मान्य आहे. गावागावांत तो लढा तसाच अनुभवला गेला का, हा प्रश्न निराळा, आणि त्याकडे पुढे यावे लागेलच.

आधी उमरी. नांदेड जिल्ह्यातले हे रेल्वेवरचे व्यापारी गाव. उमरखेडपासून सरळ रेषेत साठेक किलोमीटर आत, म्हणजे हद्दीवरचा नाका जाळून नदी ओलांडण्याइतके सोपे काम नव्हे. ३० जानेवारी १९४८ ला उमरखेड केंद्राच्या तुकडीने तिथल्या हैदराबाद स्टेट बँकेच्या शाखेवर छापा घातला आणि वीस-एकवीस लाखांची रक्कम उचलून सुखरूप हद्दीपार नेली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. अहिंसेची शपथ घेतलेल्या संघटनेची सशस्त्र शाखा बँक लुटते आणि त्याच दिवशी गांधी जातात, हा योगायोग लढ्यात असलेल्या अनेकांच्या मनाला टोचत राहिला. स्टेट काँग्रेसने हद्दीच्या आत सत्याग्रह आणि हद्दीवरून प्रतिकार असे दुहेरी धोरण धरले होते. तात्त्विक पातळीवर ते कुणालाच पुरते जुळवून दाखवता आले नाही. व्यवहारात ते चालले, कारण रझाकारांपुढे निव्वळ सत्याग्रही उभा करणे म्हणजे त्याला मारायला देणे होते. ऑक्टोबर १९४६ मध्ये बिलोलीकडे अर्जापूरजवळ स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांचा खून झाला तेव्हाच हे सगळ्यांना दिसले होते.

लुटीपेक्षा लुटीनंतरचे वर्तन मला जास्त बोलके वाटते. एवढा पैसा बिनहिशेबी संघटनेच्या हाती पडला की संघटना सडते. जगभरच्या छापामार टोळ्यांचा हा अनुभव आहे. आज बँक, उद्या सावकार, परवा ज्याच्याकडे असेल तो. उमरीचा पैसा कृती समितीकडे जमा झाला आणि त्याचा हिशेब ठेवला गेला. तो हिशेब चोख होता ही गोष्ट मराठवाड्यात अभिमानाने सांगितली जाते. हाली नोटांचे कलदार करून घेणे ही तर आणखी एक डोकेदुखी. पण ज्या पोरांच्या पायात वहाण नव्हती त्यांनी लाखो रुपये खांद्यावरून आणून जसेच्या तसे सोपवले, ही बातमी गावोगाव पोचली आणि तिने जे काम केले ते शंभर सभांनी झाले नसते.

शिवाजी महाराजांचे १६७३ सालचे चिपळूणच्या छावणीतल्या लोकांना लिहिलेले पत्र आपल्याकडे नेहमी काढले जाते. पावसाळ्यासाठी जमवलेले दाणा-वैरण बेफिकिरीने उडवू नका, संपल्यावर कुणब्याच्या घरातले उचलू लागाल, मग लोकांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असा त्याचा आशय. त्या पत्रातला दयाळूपणा आपण वाचतो. मला त्यात कोठीवाल्याचे गणित दिसते. रयतेला त्रास झाला की बातमी बंद होते, बातमी बंद झाली की फौज आंधळी होते. उमरखेडच्या मंडळींनी हे पत्र पाठ केले होते की नाही, त्याला महत्त्व नाही. त्यांची शिस्त त्या गणिताला धरून होती, आणि निजामाची बाजू नेमकी तिथेच नापास झाली.

भाकरीची किंमत मात्र गावांनी मोजली. कँपवाले पहाटेपूर्वी नदीपार जायचे. गाव कुठे जाणार? दुसऱ्या दिवशी रझाकारांची ट्रक यायची. घरे जळायची, धान्य लुटले जायचे, बायकांची विटंबना व्हायची. छापामार लढाईच्या कथांत शूर कोण हे ठरलेले असते. ज्या बाईने रात्री अकराला चूल पेटवून वीस भाकरी थापल्या आणि सकाळी दार लावून बसली, तिचे धैर्य कुठल्याच यादीत येत नाही. जालन्याकडच्या दगडाबाई शेळके यांचे नाव उरले, कारण त्या भाकऱ्यांसोबत दारूगोळाही नेत. बाकीच्या बायका नावाशिवाय राहिल्या.

माणसेही पडली. वसमत तालुक्यातल्या वापटीचे बहिर्जी शिंदे आजेगावला रझाकारांशी लढताना मारले गेले. वसमतच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. वायपन्याचे जयवंतराव पाटील इस्लापूरच्या चकमकीत गेले, त्यांचे नाव हिमायतनगरच्या महाविद्यालयाला. कंधारकडच्या कल्हाळीला आप्पासाहेब नाईक आणि त्यांच्यासोबतचे लोक गढीत राहून लढले आणि तिथेच संपले. पुन्हा गढी. उमरखेडच्या धोरणात जे टाळले होते ते कल्हाळीत टाळता आले नाही. पण एखादे गावच चालून आलेल्या जमावापुढे सापडले तर हद्दीपार पळण्याचा सल्ला कोण कुणाला देणार? साठ-सत्तर किलोमीटर आत असलेल्या गावाला पैनगंगेचा उपयोग नव्हता. कँपची नीती हद्दीपासून एका रात्रीच्या चालीपुरती खरी होती. त्यापलीकडे प्रत्येक गाव आपापले.

आणि 'लोक' म्हणजे तरी कोण? हा शब्द लढ्याच्या आठवणींत फार सहज वापरला जातो. स्टेट काँग्रेसचे पुढारपण वकील, शिक्षक, देशमुख-पाटील यांच्याकडे होते. दलितांमध्ये बी. एस. व्यंकटराव यांच्यासारखे पुढारी निजामाच्या बाजूला होते, ते निजामाचे पंतप्रधान लायक अली यांच्या मंत्रिमंडळातही होते. गावच्या पाटला-पटवाऱ्याने महारवाड्याला जे दाखवले होते ते पाहता, पाटील ज्या बाजूला त्याच्या उलट बाजूला जावेसे वाटणे अस्वाभाविक नव्हते. डॉ. आंबेडकरांना १९४७ च्या नोव्हेंबरात जाहीर पत्रक काढून सांगावे लागले की अस्पृश्यांनी निजामाची बाजू घेऊ नये. ते सांगावे लागले यातच परिस्थिती कळते. पूर्वेला तेलंगणात कम्युनिस्टांनी जमीन वाटून दलित आणि कूळ यांना लढ्यात ओढले. मराठवाड्यातल्या लढ्याने जमिनीच्या प्रश्नाला हात घातला नाही. म्हणून इथला पाठिंबा रुंद होता, पण वेशीच्या आत सगळीकडे सारखा खोल नव्हता.

मुसलमानांची गोष्ट याहून अवघड. रझाकार म्हणजे सगळे मुसलमान नव्हेत. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध लिहिले आणि १९४८ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. हिंगोली-कळमनुरीच्या खेड्यांतला पिंजारी, तांबोळी, अत्तार हा काही सत्ताधारी नव्हता. बाजाराला, उरुसाला, लग्नाला तो सगळ्यांबरोबर होता. पण त्याच्या दारावर रात्री थाप मारायला कँपचे पोर कचरत असे, आणि तोही दार उघडायला कचरत असे. ज्यांच्याशी बोलणेच होत नाही त्यांचा पाठिंबा मिळवायचा कसा, या प्रश्नाला लढ्याकडे उत्तर नव्हते. स्वामीजी आणि गोविंदभाई यांच्या भाषणांत ते होते. खेड्यात पोचेपर्यंत ते विरून जाई.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा चारी बाजूंनी शिरल्या. हीच ती पोलीस कारवाई. सोलापूरकडून आलेल्या मुख्य तुकडीचे नेतृत्व मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्याकडे. सतराच्या संध्याकाळी निजामाने शरणागती जाहीर केली, दुसऱ्या दिवशी सेनापती एल एद्रूस यांनी चौधरींपुढे रीतसर शरणागती पत्करली. पाच दिवसांत राज्य गेले. कँपवाल्यांनी हैदराबाद जिंकले असे म्हणता येणार नाही, त्यांनी स्वतःही तसा दावा केला नाही. पण फौजा आल्या तेव्हा मराठवाड्याच्या हद्दीवरच्या पट्ट्यात निजामाच्या बाजूने बातमी देणारे, वाट दाखवणारे, पूल राखणारे कोणी उरले नव्हते. गावचा कारभार आधीच गळून पडला होता. पाच दिवसांमागे तेरा महिने होते.

फौज पुढे गेल्यावर मागे जे घडले त्याला मराठवाड्याच्या आठवणीत जागा फार थोडी आहे. सूड घेतला गेला. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती वर्षअखेरीस राज्यभर फिरली. तिने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे सगळ्यात जास्त होरपळलेले जिल्हे. मरणारे बहुतांश असे मुसलमान होते ज्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता. अहवाल कित्येक दशके बंदच राहिला. मुक्तिसंग्रामाच्या दरसालच्या भाषणांत तो अजून येत नाही. तेरा महिने गावाकडून भाकरी, बातमी आणि मौन मागणाऱ्या लढ्याने गावाला एक सवयही लावली होती: आपला कोण आणि परका कोण हे रात्रीच्या अंधारात ठरवण्याची. सतरा सप्टेंबरनंतर ती सवय एका सकाळीत सुटेल अशी अपेक्षा करणे चूक होते. अनेक ठिकाणी कँपच्याच माणसांनी शेजाऱ्यांना घरात लपवून वाचवले हेही खरे, आणि सगळीकडे तसे झाले नाही हेही खरे.

कँप मोडले. पोरे परत शाळेत गेली, काही आमदार झाली, बरीचशी शेतात. दिगंबरराव बिंदू १९५२ च्या मंत्रिमंडळात गृहमंत्री झाले. लढ्याची शेवटची चकमक मात्र कचेऱ्यांत झाली, आणि ती पन्नास-साठ वर्षे चालली. केंद्र सरकारने पुढे स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनसाठी हद्दीवरची शंभराच्या आसपास केंद्रे मान्य केली. आता प्रत्येकाने सिद्ध करायचे होते की तो अमुक कँपात होता. हजेरीपट न ठेवणे, नाव न सांगणे, कागद मागे न सोडणे ही तर या लढाईची पहिली शिस्त. म्हणून पुरावा एकच, सोबत्याचे प्रमाणपत्र. खरे सैनिक दाखल्यासाठी तहसिलीच्या पायऱ्यांवर बसले आणि १९४८ साली पाळण्यात असलेल्यांना पेन्शन सुरू झाली. बीड जिल्ह्यातल्या बोगस स्वातंत्र्यसैनिकांच्या चौकशीसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती पालकर आयोग नेमावा लागला. आयोगापुढे एकेका म्हाताऱ्याला विचारले जात होते की कोणत्या कँपात होता, बरोबर कोण होते आणि त्या रात्री जेवण कुणाच्या घरी होते.